पाण्यावरल्या माणसाला नावानं हाक मारू नये

माय, तुझ्यावर मला राग आलाय आणि तो काढायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि आता तर तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर आधी तुझे राखेनं उललेले हात आठवावे लागतात. तरी लिहिते. रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले आहे. आत तुझा जावई निजलाय. निजलाय म्हणजे शुद्धीवर नाही. परवा सकाळी अंगणात पेपर वाचता वाचता खुर्चीतून कलंडले, ते अजून डोळे उघडून पाहिलं नाही. डॉक्टर म्हणजे कालचं पोरगं, माझ्या वर्गात असतं तर मी त्याला हमखास बाकावर उभं केलं असतं, पण शहाणं आहे. मला म्हणालं, "आजी, त्यांचे कान जागे असतील. नावानं हाक मारा. घरच्या माणसाच्या आवाजाला माणूस परत येतो कधीकधी. पण लवकर. जितका उशीर होईल, तितकं माझ्या हातात कमी राहील." तेव्हापासून मी त्यांच्या कानाशी बसून 'अहो, अहो' करते आहे. पोरगा चिडला माझ्यावर. "आई, अहो काय अहो! अख्ख्या वॉर्डात सगळ्यांचे अहोच पडले आहेत. नाव घे न त्यांचं!" घेता येत नाही. जन्मभर म्युनिसिपालटीच्या शाळेत हजेरी घेतली, वर्गभर पोरांची नावं खणखणीत आवाजात पुकारली, आणि आता एक नाव घशातून वर येत नाही. ही तुझी देणगी आहे, माय. म्हणून राग.

इथली सिस्टर मोठी गोड पोरगी आहे. सलाईनची बाटली बदलता बदलता म्हणाली, "लग्नात उखाण्यात घेतलं असेल न आजी, तसंच घ्यायचं." घेतलं होतं की! लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, हळदीकुंकवाला बायांनी दार अडवलं तेव्हा घेतलं. पण उखाण्यातलं नाव नवऱ्याला ऐकू जावं म्हणून कोण घेतं? ते बाकीच्या बायांना ऐकू जावं म्हणून असतं. नवरा त्या वेळी गालात हसत नाहीतर भिंतीकडे बघत बसलेला असतो. हाक निराळी. हाक मारली की माणसानं यायला लागतं. हे त्या पोरीला कसं सांगू? तिनं कन्हान नदीचा काठ पाहिलेला नाही.

तू आता आलीस तर तुलाही तो काठ ओळखू यायचा नाही. वरच्या अंगाला खापरखेड्याची धुराडी उभी आहेत, नदीत पाण्यापेक्षा रेती उपसणारे ट्रक जास्त. मी लिहिते ती तेव्हाची वस्ती, गोऱ्यांच्या अमलातली. कामठीच्या छावणीच्या वर, नदीच्या वळणावर, दरडीवर टेकलेली आपली ढिवरांची मूठभर घरं. समोर मोठा डोह आणि डोहाच्या मधोमध झाडीचं बेट. दसरा झाला, पाणी निवळलं की नागपूरचे लोक यायला लागत. कामठीपर्यंत आगगाडी, पुढं टांगा नाहीतर दमणी. छावणीतले गोरे बदकं मारायला येत, इतवारीतले व्यापारी बायकापोरं घेऊन येत, आणि कॉलेजातले पोट्टे नुसते बोंबलायला येत. सगळ्यांना नावेत बसायचं असे, बेटावर उतरायचं असे आणि तिथं चूल मांडून खायचं असे. वस्तीचा हिवाळा ह्या हौशी मंडळींवर निघायचा, उन्हाळ्यात मग रेतीत डांगरं लावायची. बाबांची नाव सगळ्यांत मोठी, वर कापडाचा चांदवा, आणि बाबांची जीभ त्या नावेहून मोठी. पाहुण्यांना सांगायचे, ह्या डोहाले तळच नाई साहेब, खाली सोन्याची घागर हाय. तू काठावर भाजी ढवळत पुटपुटायचीस, "तळ नाई म्हन्ते, अन् बांबू टेकवून नाव ढकलते." मी खूप हसायचे. तुझ्या वांग्याच्या भाजीचं पाहुण्यांत नाव होतं. सोवळी मंडळी आपला स्वयंपाकी घेऊन येत, आणि वास गेला की हळूच एखादं पोरगं वाटी घेऊन तुझ्याकडे धाडत.

आणि वस्तीचा एक नेम होता. पाण्यावर गेलेल्या माणसाला काठावरून नावानं हाक मारायची नाही. नदी ऐकते. एकदा नाव कळलं की ते ध्यानात ठेवते, आणि मग कधीतरी, पुढच्या पुरात नाहीतर भर उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातसुद्धा, त्याच नावानं ती स्वतः हाक मारते आणि माणूस ओ देत चालत जातो. आत्या, बाबांची थोरली विधवा बहीण, आपल्यातच राहायची आणि घरात शेवटचा शब्द तिचाच. तिच्यापाशी ह्याचे दाखले तयार असत, कुणाचा दीर, कुणाचा सासरा. म्हणून पाण्यावरच्या गड्याला 'हो गाऽऽ' आणि बाईला 'हो वंऽऽ', बस. जेवण झालं, 'हो गाऽऽ'. पाहुणे आले, 'हो गाऽऽ'. बैल सुटला, पोराला ताप चढला, तरी 'हो गाऽऽ'. सगळ्याला मिळून एकच हाक. त्यात काय वाकडं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाहुणे मात्र बेटावरून काठाला आणि काठावरून बेटाला एकमेकांची नावं घेऊन खुशाल ओरडत. आम्ही पोट्टी दरडीवर बसून श्वास धरून बघायचो, की आता कोण जातो. कुणीच जात नसे. मी आत्याला विचारलं होतं, "ह्याईले काहून नेत नाई वं नदी?" आत्या म्हणाली, "त्याईची नावं शयरातली असतेत बाप्पा, तिले समजत नाईत." माझं समाधान झालं.

तो दिवस दसरा आणि दिवाळीच्या मधला. नागपूरहून एक वकील आले होते, बायको, लेकरं, दोन-तीन दोस्त आणि त्यांच्या बायका. शिवाय फोनो. तो भोंगा आम्ही पहिल्यांदा पाहिला. बाबांनी सगळ्यांना दोन खेपांत बेटावर पोचवलं आणि स्वतःही तिथंच थांबले, चुलीला लाकडं आणून द्यायला आणि अर्थात तोंड चालवायला. बाकीचे गडी मासळी घेऊन कामठीच्या बाजाराला गेले आहेत. त्यांचे डोंगे दरडीवर उपडे पडलेत, नुकतं डांबर लावलंय, वाळायचंय. काठावर बाया, म्हातारी माणसं आणि आम्ही लेकरं, एवढेच. आभाळ निळंशार. तू पाण्याशी बसून राखेनं हंडा घासते आहेस आणि मी तुझ्या शेजारी रेतीत भोकं पाडते आहे. तुझा हात थांबला. मी वर पाहिलं. पाण्यावरून सागाची पानं चालली होती. आपल्या काठाला साग नाही. साग तिकडे वर, छिंदवाड्याच्या डोंगरात. आणि पानं पिवळी नव्हती, हिरवी होती, डहाळीसकट. तू पाण्यात बोटं बुडवलीस, नाकाशी नेलीस. मग खाली पाहिलंस. ज्या धोंड्यावर तू हंडा टेकवला होतास तो मघाशी कोरडा होता. आता त्याच्या भोवती पाणी फिरत होतं.

तू उभी राहिलीस आणि हाक दिलीस, "हो गाऽऽ!" बाबा बेटाच्या खालच्या अंगाला झाडांच्या आड बसले होते, तिथून वरचं पात्र दिसत नाही. ते थोडे बाजूला वाकले, हात वर केला आणि ओरडले, "येतो वंऽऽ!" म्हणजे जेवायला बोलावते आहे, येतो सावकाश. तू पुन्हा हाक दिलीस. पुन्हा हात वर. तू पदर काढून हलवायला लागलीस. ऊन पाण्यावर पडून त्यांच्या डोळ्यांत जात असणार. आत्या दारातून म्हणाली, "येईन न तो. एवढी काहून बोंबलून रायली?" तू नुसतं बोट दाखवलंस. आत्या खाली आली, तिनं पाणी पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. मग ती पण ओरडायला लागली, मग बाकीच्या बाया. सगळ्याजणी मिळून, "हो गाऽऽ! हो गाऽऽ!" आणि माय, तुला आठवतं का गं ते? बेटावरच्या पाहुण्यांना ती गंमत वाटली. काठावरच्या बाया त्यांना साद घालताहेत असं त्यांना वाटलं असावं. ते सगळे उठून उभे राहिले, हात तोंडाशी धरून आपल्यालाच ओरडायला लागले, "हो गाऽऽ! हो गाऽऽ!" लेकरं उड्या मारत होती. बाबाही त्यांच्यात मिसळून हसत होते. मला इथून त्यांचे दात दिसत होते. पाणी आता गढूळ व्हायला लागलं होतं आणि त्यावर फेस आला होता.

दोघी-तिघी बाया एका डोंग्याला लटकल्या, पण ओल्या डांबरानं हात बरबटले आणि तो उलथेना. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. तू पाण्यात शिरलीस. गुडघा, मांडी, कंबर. मी रडायला लागले, कारण मला वाटलं तू पोहत चाललीस, आणि तुला पोहता येत नव्हतं. तिथं तू थांबलीस आणि तू नाव घेतलंस. वस्तीत पाण्याशी उभं राहून कुणीच कधी न घेतलेलं असं, नुसतं नाव, पुढं ना मागं काही. छातीतून काढलेलं, लांबवलेलं, शेवटी फाटलेलं. माझ्या मागं सगळ्या बाया गप्प झाल्या. आत्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले. बेटावर फोनो तेवढा गात होता.

बाबांचं हसू गेलं. त्यांनी हात वर केला नाही. ते उठले, एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि मग लगेच मान वळवून नदीच्या वरच्या अंगाकडे धावले. माय, मी पुढं किती वेळा विचार केला ह्याचा. त्यांना पूर दिसला नव्हता, पुराचा आवाज आला नव्हता. त्यांना एवढंच कळलं, की हिनं नाव घेतलं, म्हणजे मरणच असलं पाहिजे. ती हाक त्यांनी तुझ्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती, म्हणून ती लागली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाबा लेकरं काखेत मारून नावेत टाकताहेत. वकील फोनो सोडायला तयार नाहीत आणि बाबा त्यांना फोनोसकट ढकलताहेत. दोन खेपांची माणसं एका खेपेत, काठ पाण्याला लागलेली नाव, आणि बाबा उभ्यानं बांबू मारताहेत. प्रवाहानं त्यांना खाली ओढलं, पार वळणावरच्या आंब्यापर्यंत. बाया काठानं धावल्या, दोर फेकला, तो चुकला, पुन्हा फेकला. नाव लागली. माणसं चिखलात उतरली, कुणी रडत होतं, कुणी जोडे शोधत होतं. फोनो वाचला, जोडे सगळे गेले. मागं वळून पाहिलं तर बेट नव्हतं, झाडांचे शेंडे तेवढे थरथरत होते.

आणि मग बाबा तुझ्याकडे आले. तू चिखलात बसली होतीस, दात वाजत होते. मला वाटलं आता ते तुला उठवतील, काहीतरी बोलतील, काहीतरी थट्टा करतील. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ते तुझ्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच, लेकरानं विचारावं तसं म्हणाले, "घेतलं न वं नाव. आता कसं करू मी?"

एवढी माणसं जिवंत उभी होती आणि ते हे म्हणाले! मला आज लिहितानाही चीड येते. गडी बाजारातून आले, बैठक बसली. नदीची ओटी भरली, नारळ दिला. मग आत्यानं तोड काढली, की नावच बदलून टाकू, नदी जुन्या नावानं हाका मारत बसू दे. बाबांचं नवं नाव ठेवलं. कुणी त्या नावानं बोलावलं की बाबा शेजारच्याकडे बघत. आम्ही पोट्टी हसायचो, आणि कुणाच्या जिभेला ते नाव लागेना. बाबा रोज सकाळी नावेपाशी जात, एक पाय आत ठेवत आणि तसेच उभे राहत. पाण्याचा आवाज ऐकत असावेत. मग पाय काढून घेत. डोहाला तळ नाही म्हणून पाहुण्यांना भिववणारा माणूस, तो घोटाभर पाण्याला भिऊ लागला. वस्तीत कुणी तुला तोंडावर काही बोललं नाही, पण तुझ्या हातून कुणी पाण्याची घागर डोक्यावर घेईना. आत्या एकदाच बोलली. तू चुलीशी होतीस. ती म्हणाली, "आनखी थोडं थांबली असती तं?" तू तवा उतरवून ठेवलास आणि बाहेर गेलीस. भाकरी जळाली नव्हती, कच्ची होती, ती आम्ही तशीच खाल्ली.

त्याहून वाईट ते पुढं होतं. वकिलांनी ही गोष्ट नागपूरभर केली. चांगल्या मनानंच केली असेल. त्या हिवाळ्यात वस्तीवर एवढे लोक आले की टांगे लावायला जागा पुरेना. नावेत बसायचं, बेट पाहायचं आणि काठावर येऊन विचारायचं, "ती बाई कोणती? हीच का?" तू भाजी वाढत असायचीस आणि ते तुला वरपासून खालपर्यंत बघत. एकदा एक जण म्हणाला, "एकदा मारून दाखवा न बाई ती हाक." बरोबरची माणसं हसली. आणि ज्यांनी तुझ्या हातची घागर नाकारली होती, तेच आपले लोक मागून तुला कोपरानं ढोसायला लागले. "मार न वं एकदा. काय जाते तुह्यं? पाहुने खूश होतीन." बाबा दरडीवर बसून जाळं विणत होते. त्यांनी मान खाली घातली. तू भाजीचा अख्खा गंज चुलीवरून उचललास, चालत पाण्यापर्यंत गेलीस आणि सगळी भाजी नदीत ओतलीस. मग पाहुण्यांना म्हणालीस, "जा घरी तुमी." होळीच्या आधी आपण वस्ती सोडली.

नागपुरात बाबांना गिरणीत काम लागलं. चाळीची खोली, सार्वजनिक नळ, भोंग्यावर उठायचं. मी लवकर रुळले. एकदा नळावर खेळता खेळता मी तुझी ती हाक काढली, तशीच्या तशी, नावासकट, आवाज शेवटी फाटेपर्यंत. मला वाटलं छान जमली. तू कुठून आलीस कुणास ठाऊक, अशी फाडकन मारलीस की कान गुणगुणत राहिला. तू कधी मारत नव्हतीस. आणि त्यानंतर काही महिन्यांनी तूच मला शाळेत घालायला घेऊन गेलीस. मास्तरांनी विचारलं, "बापाचं नाव?" तू आढ्याकडे बघत राहिलीस. मास्तर म्हणाले, "अहो बाई, नाव सांगा न." तू पदर चावायला लागलीस. मग मीच सांगितलं, मोठ्यानं, आणि डोळे मिटून घेतले, कारण मला वाटलं आता बसणार. परत येताना तू मला कोपऱ्यावरच्या दुकानातून रेवड्या घेऊन दिल्यास. त्या कशाबद्दल होत्या मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, तुला ते नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

बाबांना नदीनं नेलं नाही. कापसाच्या धुळीनं नेलं, खोकून खोकून, कोरड्या खोलीत, खाटेवर. पण त्या हाकेनंतर ते किती जगले ते बघ न! धाकटा भाऊ त्यानंतर झाला. मी सातवी पास झाले ते त्यांनी पाहिलं, सगळ्या चाळीला पेढे वाटले. ही सगळी वर्षं तुझ्या हाकेनं आणली. हे तुला कुणी म्हटलं नाही. बाबांनी नाही, आत्यानं नाही, मीही नाही, मला ते कळायला म्हातारं व्हावं लागलं. शेवटच्या दिवशी शेजारणी म्हणत होत्या, "बोल वं त्याच्याशी, आवाज दे, ऐकते तो." तू त्यांचे पाय धरून बसली होतीस, तोंड गच्च मिटून. नंतर मी तुला रागानं विचारलं, काहून नाही दिलास आवाज? तू म्हणालीस, "एकदा देल्ला होता. त्याचंच फेडून रायली मी." आणि पीठ मळायला बसलीस.

खोटं आहे ते, माय. ऐकतेस का? साफ खोटं आहे. तुला काही फेडायचं नव्हतं. त्या दिवशी पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहून तू बरोबर केलंस, आणि सगळी वस्ती चूक होती, आत्या चूक होती, बाबा चूक होते, देव त्यांना क्षमा करो. मी शिकले, मास्तरीण झाले, पोरांना भुताखेतांच्या गोष्टींवरून दामटलं. मला काय नदीची भीती? इथं नदी कुठं आहे? व्हरांड्यात फिनेलचा वास येतो आहे आणि समोर एक माणूस केळी खातो आहे. डॉक्टरला मी काल वाद घालून सांगितलं, "हे बघा, ह्यांनी माझ्या तोंडून स्वतःच्या नावाची हाक कधी ऐकलीच नाही. मग ओळखतील कसं?" ते पोरगं हसलं आणि म्हणालं, "तेच तर आजी." ते पोरगं बरोबर बोललं होतं, आणि मला बाबांचा चेहरा आठवला, हसू गेलेला. मी उठून व्हरांड्यात आले आणि पोराच्या पिशवीतून हे कागद काढले.

आता बघते तर एवढं लिहिलं आणि दोघांपैकी एकाचंही नाव कागदावर आलं नाही. माझ्या नवऱ्याचं नाही, तुझ्या नवऱ्याचं नाही. राग राग म्हणून सुरू केलं, पण आता तुझ्याशी खरं बोलते, इथं आणखी कुणी वाचणार नाही. रागही उसना आहे. तू मला काही दिलेलं नाहीस, ना नेम, ना भीती. ती माझी आहे. 'अहो' म्हणते आणि ते डोळे उघडत नाहीत, तेव्हा मी स्वतःला सांगते, अजून खरी हाक मारलीच कुठं, ती शिल्लक आहे. तू हाक मारलीस आणि तुझा माणूस उठून उभा राहिला. मी मारली आणि माझा उठला नाही, तर माझ्याजवळ काय राहील गं?

सिस्टर दारातून बोलावते आहे, चार वाजले, भेटायची वेळ झाली. पोरगा हात पुढे करून उभा आहे. हे कागद घडी घालून ब्लाउजात ठेवते, तिथून ते कुठं जायचे नाहीत. घसा कोरडा पडलाय. आधी घोटभर पाणी पिते.